बिअरचा फेस आणि खरकटं पाणी

विषय बिअरच्या ग्लासचा आहे, आणि तो मुद्दाम निवडला आहे. मी स्वतः घेत नाही, त्यामुळे चवीबद्दल मला काही विचारू नका. माझं आयुष्य ज्ञानमीमांसा शिकवण्यात गेलं. एखादी गोष्ट आपल्याला 'माहीत आहे' असं आपण कधी म्हणू शकतो, एवढाच तो विषय. त्या प्रश्नाचं एक फार सुंदर ऐतिहासिक उदाहरण बिअरच्या फेसात सापडतं, म्हणून आज हा ग्लास हातात घेतला आहे. रिकामा आहे, काळजी नसावी.

आधी साधी तक्रार ऐका. युरोपातल्या कुठल्याही बिअर पिणाऱ्या गावात ती ऐकू येते. बिअर तीच, पिंप तेच, ओतणारा माणूस तोच. एका ग्लासात फेस दोन बोटं उभा राहतो, घोटाघोटाला काचेवर कडी सोडत खाली उतरतो. शेजारच्या ग्लासात तोच फेस पाहता पाहता बसतो. दोन्ही ग्लास डोळ्यांना लख्ख दिसतात, उजेडात धरले तरी फरक कळत नाही. पण बिअरला कळतो. दुसऱ्या ग्लासात तेलकटपणा शिल्लक आहे. कुणाच्या ओठांची लिपस्टिक असेल, ज्या फडक्याने पुसला त्याचा ओशटपणा असेल, त्याच पेल्यातून आधी कुणी दूध प्यायलं असेल.

इथे आपल्या स्वयंपाकघरातली एक गोष्ट आठवा. कुकरमध्ये डाळ लावताना आपल्याकडे हळदीबरोबर तेलाचे दोन थेंब टाकतात. का? फेस वर येऊन ऊतू जाऊ नये म्हणून. गुऱ्हाळावर जा. काहिलीत रस उकळायला लागला की फेस काठाशी येतो आणि गुळव्या थोडं तेल सोडतो, की फेस खाली. या माणसांनी कुठल्याही पुस्तकात पृष्ठताण वाचलेला नाही. बिअरवाल्याचं दुःख आणि गुळव्याची युक्ती ही एकाच नियमाची दोन टोकं आहेत. एकाला फेस हवा आहे, दुसऱ्याला नको आहे.

हा नियम माणसाला कळला कसा, याचा इतिहास मला सांगायचा आहे. त्यात एक गंमत अशी, की तो इतिहास दोनदा भांडी घासलेल्या पाण्यातून जातो.

पहिला प्रसंग १७५७ सालचा. बेंजामिन फ्रँकलिन जहाजाने चालला होता, जहाजांचा मोठा ताफा होता. त्याच्या लक्षात आलं की दोन जहाजांच्या मागचं पाणी गुळगुळीत आहे आणि बाकीच्यांच्या मागे लाटा उठताहेत. त्याने कप्तानाला कारण विचारलं. कप्तान म्हणाला, आचाऱ्यांनी ओशट पाणी नुकतंच बाहेर ओतलं असेल, दुसरं काय! फ्रँकलिनने पुढे लिहून ठेवलं आहे की हे उत्तर कप्तानाने जरा तुच्छतेने दिलं, जगाला ठाऊक असलेली गोष्ट न कळणाऱ्या माणसाला द्यावं तसं. मला ही तुच्छता फार आवडते. विद्वान माणूस विचारतो आहे आणि खलाशाला वाटतं, याला एवढंही माहीत नाही?

खरं तर विद्वानांनाही ते माहीत असायला हवं होतं. तेलाने समुद्र शांत होतो हे रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच नोंदवलं होतं. पण विद्वान मंडळी अशा गोष्टी खलाशांच्या थापा म्हणून सोडून देतात. फ्रँकलिनने सोडून दिली नाही. लंडनजवळ क्लॅपहॅमच्या तळ्यावर वारा असताना त्याने चमचाभर तेल ओतलं. ते पसरत गेलं आणि अर्धा एकर पाणी आरशासारखं झालं. १७७४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा वृत्तांत छापून आला.

आता आपण एक हिशेब करू, जो फ्रँकलिनने केला नाही. आजचा चहाचा चमचा पाच मिलिलिटरचा धरा. अर्धा एकर म्हणजे साधारण दोन हजार चौरस मीटर. भागाकार केला तर तेलाच्या थराची जाडी येते अडीच नॅनोमीटरच्या आसपास. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा आणि त्यातले दोन-अडीच घ्या, इतकी. म्हणजे एकेका रेणूचा थर! माणसाने रेणूची उंची मोजली होती आणि ते त्याला कळलंच नव्हतं. हे कळायला आणखी शंभरावर वर्षं गेली.

मधल्या काळात बिअरकडे वळू, कारण फेस नीट दिसू लागल्याशिवाय त्याची तक्रार करणार कोण? जुन्या युरोपात बिअर प्यायची ती दगडी चिनीमातीच्या, लाकडाच्या, नाहीतर जस्तासारख्या दिसणाऱ्या कथलाच्या मगमधून. बिअर गढूळ आणि काळपट. मगच्या आत फेस किती नि बिअर किती हे पाहायला वाकून बघावं लागे. १८४२ साली बोहेमियातल्या पिल्सेन गावात जोसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन माणसाने नवी बिअर बनवली. ऑक्टोबरच्या ५ तारखेला तिचा पहिला घाणा उकळला. गावचं पाणी मऊ, माल्ट फिकट भाजलेलं, झाटेत्सचे हॉप्स, आणि थंड तळघरात सावकाश आंबवणं. बिअर निघाली सोनेरी आणि आरपार दिसणारी. बोहेमियात काचेचा धंदा जुना आणि नावाजलेला होताच. पुढच्या काही दशकांत काच स्वस्त होत गेली. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ साली उठला. सोनेरी बिअर आणि स्वच्छ काच यांची जोडी जमली आणि वर पांढरा फेस मुकुटासारखा दिसू लागला. फेस ही आता दाखवायची गोष्ट झाली.

आणि भांडायचीही. कारण फेस म्हणजे हवा, आणि हवेचे पैसे कोण देणार? म्हणून जर्मनीत ग्लासवर मापाची रेघ असते, बिअर रेघेपर्यंत आणि फेस तिच्यावर. फसव्या मापाविरुद्ध लढणारी संघटनासुद्धा म्युनिकमध्ये आहे. आपल्याकडे दुधात पाणी, तिथे बिअरमध्ये हवा. माणूस सगळीकडे सारखाच.

आता मुख्य भागाकडे येतो. १८९० साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लॉर्ड रॅले यांचं जाहीर व्याख्यान झालं. विषय होता फेस. इंग्रजीत फेसाला दोन शब्द आहेत, एक 'फ्रॉथ' आणि एक 'फोम'. रॅले यांच्या मनात पहिला होता, पण कुणीतरी सुचवलं की दुसरा अधिक काव्यमय आहे, तो घ्या. आपल्याकडेही 'फेस' मोरीतला आणि 'फेन' संस्कृत कवितेतला, असा भेद आहेच की. शब्दसुद्धा सोवळे-ओवळे असतात. तर रॅले यांचा मुद्दा असा होता, की शुद्ध द्रवाला फेस येत नाही. शुद्ध पाणी कितीही हलवा, बुडबुडे आले की फुटतात. फेस टिकायला पाण्यात काहीतरी मिसळलेलं लागतं, जे पृष्ठभागावर येऊन बसतं.

बिअरमध्ये हे 'काहीतरी' कुठून येतं? सातूतली काही प्रथिनं आणि हॉप्समधली कडू द्रव्यं. ती एकमेकांना धरून बुडबुड्याच्या भिंतीवर जाळीसारखी बसतात. बुडबुड्याची भिंत कुठे ताणून पातळ झाली, की तिथला पृष्ठताण वाढतो, आजूबाजूचा द्रव त्या जागी ओढला जातो आणि भिंत आपली आपण सांधली जाते. तेलाचा कण मध्ये आला की हा सांधण्याचा व्यवहार बिघडतो. तेल त्या भिंतीवर झपाट्याने पसरतं, पसरताना शेजारचा द्रव सोबत खेचून नेतं, भिंत पातळ होते आणि फुटते. साबण नीट धुतला गेला नसेल तरी असंच काहीसं होतं. साबणाचे रेणू प्रथिनांना त्यांच्या जागेवरून उठवतात. म्हणजे ग्लास घासताना तेल राहिलं तरी पंचाईत, आणि ते घालवायला लावलेला साबण राहिला तरी पंचाईत.

किती तेल पुरतं? त्याच वर्षी रॅले यांनी ८४ सेंटिमीटर व्यासाच्या, अंघोळीच्या पसरट भांड्यात पाणी भरलं, त्यावर कापराचे तुकडे टाकले. कापूर स्वच्छ पाण्यावर नाचतो, तुम्ही लहानपणी पाहिलं असेल. मग मोजून ऑलिव्हचं तेल सोडलं आणि नाच थांबायला किती तेल लागतं ते काढलं. थराची जाडी आली १.६ नॅनोमीटर. हा आकडा ग्लासला लावून बघू. तेलाचा एक थेंब, मिलिलिटरचा विसावा भाग, दोन नॅनोमीटर जाडीने पसरला तर पंचवीस चौरस मीटर पाणी झाकतो. सात सेंटिमीटर तोंडाचे सहा हजारांहून अधिक ग्लास! अर्थात फेसाच्या आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ वरच्या तोंडाच्या कितीतरी पट असतं, त्यामुळे हा हिशेब शब्दशः घेऊ नका. पण डोळ्याला स्वच्छ दिसणारा ग्लास बिअरला का पटत नाही, ते यावरून कळावं. डोळ्याच्या पलीकडची ही घाण आहे.

आणि आता दुसरं खरकटं पाणी.

जर्मनीत ब्राउनश्वाइग नावाचं शहर आहे. तिथली 'मुमे' नावाची दाट काळी बिअर एके काळी जहाजाने दूरदूर जायची, पण आपल्याला त्या शहरातल्या एका घरात जायचं आहे. अ‍ॅग्नेस पोकेल्स. जन्म १८६२, व्हेनिसमधला, कारण वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. वडिलांची तब्येत हिवतापाने ढासळली आणि कुटुंब ब्राउनश्वाइगला आलं. मुलींच्या शाळेत ती शिकली, तिला पदार्थविज्ञानाची ओढ होती, पण विद्यापीठाचं दार त्या वेळी मुलींना बंद. धाकटा भाऊ फ्रीडरिश गटिंगनला शिकायला गेला, प्राध्यापक झाला. ती घरी राहिली. आजारी आईवडिलांची सेवा, स्वयंपाक, भांडी. हे चित्र आपल्या दोन-तीन पिढ्यांना वेगळं सांगायला नको. भावाचा एक उपकार मात्र मोठा. तो बहिणीला पुस्तकं पाठवायचा.

घरच्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की भांडी धुण्याच्या ओशट पाण्यातून या मुलीचं कुतूहल जागं झालं. लाखो बायका जे पाणी रोज नाक मुरडून ओतून टाकतात, ते ही बघत बसली. विशीच्या आसपास तिने एक साधन केलं. पत्र्याची पन्हाळीसारखी पेटी, ७० सेंटिमीटर लांब, ५ रुंद, २ उंच. काठोकाठ पाणी भरायचं आणि त्यावर आडवी एक पत्र्याची पट्टी टेकवायची. पट्टी इकडे सरकवली की एका बाजूचा पृष्ठभाग आकसतो, दुसरीकडचा पसरतो. पाण्यावर तेलाचा अंश असेल तर पट्टी सरकवून तो दाटीवाटीत आणता येतो किंवा मोकळा सोडता येतो. पृष्ठताण मोजायला तिने एक लहानशी चकती पाण्याला टेकवून तराजूने उचलली. ती सुटायला किती जोर लागतो, ते मोजायचं. बस्स. प्रयोगशाळा एवढीच.

तिला दिसलं ते असं. तेलाचे रेणू मोकळे असतात तोवर पृष्ठताण जवळजवळ शुद्ध पाण्याइतकाच राहतो. पट्टी सरकवत नेली की एका ठरावीक क्षेत्रफळापाशी तो एकदम उतरू लागतो. म्हणजे त्या ठिकाणी रेणू खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले असतात. आणखी एक गोष्ट तिने पाहिली, आणि ती मला त्याहून महत्त्वाची वाटते. पाणी घाण व्हायला वेळच लागत नाही. नुसत्या स्पर्शाने, आत टाकलेल्या वस्तूने, काहीही न दिसता पृष्ठभाग बिघडतो. मग स्वच्छ कसा करायचा? तीच पट्टी झाडूसारखी वापरायची आणि वरचा थर एका टोकाला लोटून द्यायचा. प्रयोगशाळांत आजही पाण्याचा पृष्ठभाग याच तत्त्वाने झाडून घेतात.

जवळजवळ दहा वर्षं हे काम पडून राहिलं. जवळपासच्या विद्वानांना त्यात रस नव्हता. रॅले यांच्या प्रयोगांबद्दल वाचल्यावर तिने १८९१च्या जानेवारीत त्यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. दुसरा एखादा असता तर पत्र बाजूला पडलं असतं. रॅले यांनी त्याचं भाषांतर 'नेचर' नियतकालिकाकडे पाठवलं, वर शिफारस जोडली की एका जर्मन बाईंनी अगदी घरगुती साधनांनी मोलाचे निष्कर्ष काढले आहेत. १२ मार्च १८९१ला ते छापून आलं. रॅले पुढे १९०४ साली नोबेल मिळालेला माणूस. सरदार घराण्यातला, स्वतःच्या वाड्यात प्रयोगशाळा असलेला. त्याने स्वयंपाकघरातून आलेल्या पत्राला आपल्या विषयातलं पत्र मानलं. विज्ञानाच्या इतिहासात अशा सभ्यतेची उदाहरणं फार नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं १९६६ सालचं एक प्रसिद्ध पुस्तक आहे, शुद्धता आणि धोका या विषयावरचं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की घाण म्हणजे आपली जागा सोडून आलेली वस्तू. भाकरीवर लोणी अन्न आहे, सदऱ्यावर डाग आहे. हे पटतं, पण माझ्या मते अपुरं आहे. आपल्याकडचं सोवळं-ओवळं नेमकं या व्याख्येत बसतं, ते समाजाने ठरवलेलं असतं, आणि त्यापायी किती माणसांना किती पिढ्या पाण्यापासून दूर ठेवलं हे या सभागृहात सांगायची गरज नाही. बिअरचा ग्लास मात्र कुणाच्या हाताने धुतला हे विचारत नाही. तेल गेलं का, एवढंच विचारतो. स्वच्छतेची ही दुसरी जात आहे, जिची परीक्षा घेता येते. आणि मौज अशी, की ही दुसरी स्वच्छता ज्यांना नीट कळली होती ती माणसं पहिल्या स्वच्छतेच्या हिशेबात बहुधा तळाला होती. भांडी घासणारी, मोरीत बसणारी. आपल्याकडे राख आणि काथ्याने ओशट पातेलं घासायचे. राखेतला क्षार तेलाचा थोडाथोडा साबण करतो. हे रसायनशास्त्रच आहे, फक्त त्याचा पेपर कुणी छापला नाही.

परीक्षेचं म्हटलं, तर ती कशी घ्यायची तेही सांगतो. ग्लास आतून ओला करून पालथा धरा. पाणी सलग पडद्यासारखं निथळलं तर ठीक, थेंबाथेंबांनी आणि ओघळांनी तुटलं तर तेल आहे. किंवा ओल्या ग्लासच्या आत मीठ भुरभुरा. स्वच्छ जागी मीठ सारखं चिकटतं, ओशट जागी घसरतं. तिसरी परीक्षा बिअरची स्वतःची, घोटागणिक काचेवर उमटणाऱ्या कड्यांची. आणि बिअर भरलेल्या ग्लासच्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले, तर तिथे काहीतरी आहे असं समजावं.

म्हणून चांगल्या बिअरघरात हे ग्लास दुधाच्या-जेवणाच्या भांड्यांबरोबर धूत नाहीत, त्यांचा ब्रश वेगळा ठेवतात, फडक्याने पुसत नाहीत, जाळीवर पालथे घालून हवेवर वाळू देतात आणि भरण्याआधी गार पाण्याने पुन्हा विसळतात. यातलं एक कलम फार अर्थपूर्ण आहे. विसळायचं पाणी वाहतं असावं, हौदातून ओसंडून जाणारं. का, ते नीट समजलं १९३०च्या दशकात, आणि तेही भलत्याच ठिकाणी. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत कॅथरीन ब्लॉजेट काम करत होत्या. त्यांनी पाण्यावर स्निग्ध आम्लाचा एक रेणूभर थर पसरला आणि त्यातून काचेची पट्टी हळू वर काढली. थर काचेवर चढून आला. पुन्हा बुडवली, पुन्हा काढली, थरावर थर. असे ४४ थर देऊन १९३८ साली त्यांनी प्रतिबिंब न पाडणारी काच केली. आता साचलेल्या ओशट पाण्यात ग्लास विसळणाऱ्या पोऱ्याकडे बघा. तो ग्लास वर काढतो तेव्हा पाण्यावरचा तेलाचा थर त्याच वाटेने काचेवर चढू शकतो. धुतलेला ग्लास धुण्याच्या पाण्यातूनच पुन्हा मळतो. पाणी ओसंडतं ठेवलं की वरचा थर काठावरून निघून जातो. पोकेल्सची पट्टी जे करत होती, ते इथे पाणी करतं.

ब्लॉजेट ज्यांच्याबरोबर काम करत होत्या, ते अर्व्हिंग लँगम्यूर. त्यांनी १९१७च्या सुमारास पोकेल्सच्याच पद्धतीची पेटी सुधारून वापरली आणि रेणू पाण्यावर कसे उभे राहतात याचं शास्त्र पुरं केलं. १९३२ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच १९३२ साली ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यालयाने सत्तरीतल्या अ‍ॅग्नेस पोकेल्सना सन्माननीय डॉक्टरेट दिली. तीन वर्षांनी त्या वारल्या. ती पेटी आज जगभरच्या प्रयोगशाळांत असते. तिला 'लँगम्यूर ट्रफ' म्हणतात. काही जण 'लँगम्यूर-पोकेल्स' म्हणू लागले आहेत, हे बरं झालं.

जाता जाता एक हलकी गोष्ट. २००२ साली म्युनिकच्या आर्न्ड लाइके यांना बिअरच्या फेसावरच्या संशोधनाबद्दल 'इग नोबेल' मिळालं, हसवून मग विचार करायला लावणारं ते पारितोषिक. त्यांनी तीन प्रकारच्या बिअरचा फेस किती वेळात किती उतरतो हे मोजलं. किरणोत्सारी पदार्थाच्या ऱ्हासाचा जो घातांकी नियम आहे, तोच तिथेही निघाला. विद्यार्थ्यांना तो नियम शिकवण्यासाठी त्यांनी हा खटाटोप केला होता. त्यांचे ग्लास कोण धुवायचं, हे मला विचारायचं आहे.

चला, पाच मिनिटं उरली आहेत. प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताई, तुमचा हात मघापासून वर आहे.